तापली की बंद पडते

६ एप्रिल १९९७, लक्ष्मीबाई नगर, दिल्ली

डॉक्टरांनी रोज थोडं लिहीत जा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा लिहिलं नाही. काय लिहिणार? उठलो, जेवलो, झोपलो. आता लिहिण्यासारखं काहीतरी आहे. आज गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर शेडच्या फाटकाबाहेर गेली.

अडतीस सालची विलायती सलून मोटार. खरबंदा नावाच्या बिल्डरनं ती मेरठच्या कुठल्याशा कोठीतून उचलली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या राहत होत्या. आमचा पंपांचा कारखाना बंद झाल्यावर विश्वासनं फरीदाबादला शेड घ्यायचं ठरवलं आणि तो माझ्यामागे लागला. "इंजिन, गिअर, ब्रेक माझे. वायरिंग, दिवे, बॅटरी तुझी. पैसेवाल्यांना जुन्या गाड्यांचा शौक लागलाय, सूर्या. काम कमी पडणार नाही." मी नको म्हणत होतो. हिवाळ्यात तब्येत बरी नव्हती, खोलीबाहेर यावंसं वाटत नव्हतं. तो येतच राहिला. फरीदाबादहून बस बदलत यायचा, खुर्ची ओढायचा आणि जुन्या गाड्यांच्या वायरिंगचे नकाशे माझ्या रजईवर पसरायचा. शेवटी त्याला गप्प करायला म्हणून गेलो.

मेनस्विचपासून मागच्या दिव्यापर्यंत एकही तार जुनी राहिलेली नाही. इतकं सुबक काम हल्ली कोणी करत नाही. हे मीच लिहून ठेवतो, दुसरं कोणी लिहिणार नाही.

आजच्या चाचणीत सापडलेले दोष: ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंग सैल आहे. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. पहिले दोन विश्वासचे, तिसरा माझा.

हॉर्नवरून विश्वास पोट धरून हसला. एक सायकलवाला बाजूच्या नालीत जाता जाता वाचला आणि शिव्या देत गेला, तरी ह्याचं हसू थांबेना. परतल्यावर पाहिलं तर तार स्टिअरिंगच्या दांड्यावर घासली जात होती. म्हणजे दांडा त्याचा, तार माझी. मी तसं म्हणालो. तो लगेच गंभीर होऊन म्हणाला, "हो, दांड्याला धार आहे. मी घासून देतो."

घरी कुमुदनं दार उघडलं, आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग विचारलं, "कशी झाली ट्रायल?" हल्ली ती असंच करते.

१० एप्रिल

ब्रेक सुधारले. बदरपूरच्या दिशेनं जाऊन आलो. आता डायनमो. इंजिन जोरात असताना अँमीटरचा काटा पुढे जायला हवा, तो मधेच थरथरत उभा राहतो. म्हणजे बॅटरी भरत नाही. दुपारभर डायनमो उघडून बसलो. कार्बन झिजला होता, बदलला. काटा सरळ पुढे गेला. किती दिवसांनी काहीतरी मी म्हणालो तसं झालं.

देविकाला जेवताना सांगत होतो. ती म्हणाली, "बाबा, झिजला म्हणजे?" सतरा वर्षांची झाली, दिल्लीत जन्मली, काय करणार. मी म्हणालो, "घिस गया." "अच्छा," म्हणाली. मग आईकडे बघून, "मम्मी, आज बाबा कितना बोल रहे हैं ना!" कुमुदनं तिला डोळ्यांनी दटावलं. मला ते दिसलं.

१५ एप्रिल

सूरजकुंडच्या चढावर गाडी बंद पडली.

सपाटीवर उत्तम चालली होती. चढ अर्ध्यावर असताना एक झटका, आणि मग काहीच नाही. इंजिन असं गेलं जसं कोणी बटण दाबून घालवावं. विश्वासनं हँडब्रेक ओढला. मी मागच्या चाकाला दगड लावला. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पकडेना. आम्ही कीकरच्या झाडाच्या सावलीत बसलो. वरून खाणीची खडी भरलेले डंपर धूळ उडवत जात होते. थोड्या वेळानं विश्वासनं सहज स्टार्टर दाबला, तर पहिल्या फेरीत चालू.

"पेट्रोल उकळतंय," तो म्हणाला. "पेट्रोलचा पाईप सायलेन्सरला अगदी चिकटून जातो. ही थंड देशातली गाडी, इथला उन्हाळा तिला कुठून झेपणार? पाईपमध्ये वाफ धरते."

"वाफ धरली तर गाडी आधी आचके देते," मी म्हणालो. "ही एकदम गेली. कॉइल तापून सुटत असेल."

मी असं का म्हणालो? कॉइल ठिणगी देते, म्हणजे ती तर माझ्या भागात येते. पण जे वाटलं ते बोललो. शेडमध्ये परतेपर्यंत मात्र माझं मत बदललं. कॉइल नवी आहे, तारा नव्या आहेत. त्याचंच बरोबर, पेट्रोलच.

१६ एप्रिल

झोप लागली नाही. चढ डोळ्यांसमोर येत होता.

२२ एप्रिल

दोनदा गेलो, दोनदा बंद पडली. तापली की बंद पडते, निवली की चालते. विश्वासनं पाईप लांबून फिरवला, वर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं. मी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. काही फरक नाही. आता तोच म्हणतो, "कदाचित इलेक्ट्रिकल असेल, सूर्या. एकदा डिस्ट्रिब्यूटर बघू या का?"

मी म्हणालो, "तो मी माझ्या हातानं जोडलाय."

"म्हणूनच म्हणतो, दोघं मिळून बघू."

"म्हणजे माझं मी बघू शकत नाही?"

 मी सिलिंडरांना ठिणगी वाटणारा तो डिस्ट्रिब्यूटर उघडला, त्याच्यासमोर मीटर लावला. सगळीकडे करंट व्यवस्थित. "दिसलं?" मी विचारलं. "दिसलं," म्हणाला.

कारखान्यातही असंच व्हायचं. लाइन बंद पडली की मेकॅनिकलवाले इलेक्ट्रिकलकडे बोट दाखवायचे. शेवटच्या वर्षी तीन नंबरची लाइन दर आठवड्याला बंद पडत होती आणि मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायचे. कारखाना त्यामुळे बंद झाला नाही, बाहेरचा माल स्वस्त आला म्हणून झाला, हे मला माहीत आहे. डॉक्टरांनी माझ्याकडून दहा वेळा वदवून घेतलंय.

आज गोळी घ्यायची राहिली. कुमुदनं झोपताना आणून दिली. तिला कसं कळतं?

१ मे

खरबंदा शेडमध्ये आला. गुडगावच्या पलीकडे मागच्या हिवाळ्यात मोहरीचं शेत होतं, तिथे ह्याची कॉलनी उभी राहतेय. नाव कुठल्यातरी इंग्रजी राजवाड्याचं. अठरा तारखेला उद्घाटन. गाडी फाटकातून आत जाणार, मग सेल्स ऑफिसच्या दारात कायमची उभी राहणार.

"इंजीनियर साहब, लोगों को लगना चाहिए ख़ानदानी जगह है," तो बोनेटवर थाप मारत म्हणाला. मग विचारलं, "चलती है ना?"

मी तोंड उघडायच्या आत विश्वास म्हणाला, "चलती है सर. थोड़ी पेट्रोल लाइन की दिक़्क़त है. मेरा डिपार्टमेंट है, हो जाएगा."

हे त्यानं बरं केलं. स्वतःचा दोष स्वतः कबूल करणारी माणसं कमी असतात.

५ मे

विश्वास आज माझ्याआधी पोहोचला होता. बोनेट उघडं, डिस्ट्रिब्यूटरची टोपी त्याच्या हातात.

"काय करतोयस?"

"धूळ पुसत होतो."

"माझ्या भागाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं."

"चुकलं," म्हणाला आणि टोपी बसवली. त्याचे कान लाल झाले होते. पन्नाशीचा माणूस, धूळ पुसायची एवढी लाज कसली?

दुपारी ऐन उन्हात सूरजकुंडचा चढ चढलो. बंद पडली नाही. खाली उतरून पुन्हा चढलो. मग पाली गावापर्यंत. एक आचका नाही. विश्वास म्हणाला, "दोरी लागू पडली. शेवटी पेट्रोलच होतं. तुला उगाच कॉइल बदलायला लावली."

 येताना बसमध्ये खिडकीशी बसून मी शीळ घालत होतो, हे शेजारच्या माणसानं वळून पाहिलं तेव्हा कळलं.

घरी कुमुदनं दार उघडलं ते हसतच. "चालली ना गाडी?" मी अजून काही सांगितलंही नव्हतं.

११ मे, रविवार

विश्वास आणि साधनावहिनी जेवायला आले होते. कुमुदनं पुरणपोळ्या केल्या. ऑफिस सांभाळून एवढा घाट कशाला, मी म्हणत होतो. ती म्हणाली, गाडीच्या नावानं.

पानं घेताना वहिनी बोलून गेल्या, "त्या लोकांचा परत फोन आला होता. ते तरी किती थांबणार?" विश्वासनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या वाढायला लागल्या.

जेवणानंतर मी पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात कुमुद आणि विश्वास हळू आवाजात बोलत होते.

"अजून थोडे दिवस, भावजी. गाडी जाऊ दे, मग सांगा."

"वहिनी, साधना आता ऐकत नाही. तिचंही बरोबर आहे."

मी दाराशी आलो तसे दोघं थांबले. कुमुदनं उगाच नळ सोडला.

ते गेल्यावर मी विचारलं. तिनं आधी टाळलं. मग सांगितलं की ग्रेटर नोएडाला परदेशी मोटार कंपनीचा कारखाना झालाय, तिथे विश्वासला मोठी जागा देऊ केली आहे.

"केव्हा?"

"झाले काही महिने."

म्हणजे शेड घेतली तेव्हापासून त्याच्या खिशात नोकरी होती. गाडी गेली की तो जाणार, आणि शेडमध्ये मी एकटा. माझ्या बायकोला माहीत, त्याच्या बायकोला माहीत. मला नाही.

१४ मे

दोन रात्री झोप नाही. आज शेडमध्ये लवकर गेलो. विश्वास यायचा होता. सगळं वायरिंग पहिल्यापासून तपासायचं ठरवलं. गाडी जाईल तेव्हा माझ्या कामात कोणाला बोट ठेवायला जागा नको.

डिस्ट्रिब्यूटर उघडला. आतल्या पट्टीपासून बाहेरच्या टोकापर्यंत जाणारी छोटी तार माझी नाही. मी एकपदरी, ताठ तार बसवली होती. कोपऱ्यात नीट दुमडलेली, जागच्या जागी. ही मऊ, बारीक तारांची विणलेली, लोंबती. टाके विश्वासचेच, तो कथिल नेहमी जास्त लावतो.

म्हणजे धूळ पुसत नव्हता.

माझी तार भंगाराच्या डब्यात सापडली. वरचं आवरण शाबूत, दोन्ही टोकं शाबूत. मीटर लावला, काटा थेट शेवटापर्यंत. काय वाईट होतं तिच्यात? काही नाही. फक्त माझी होती. उद्या काही बिघडलं असतं तर खरबंदाला बोनेट उघडून दाखवायला ही लोंबती तार कामाला आली असती. ये देखिए सर, इनका काम.

त्याची काढली. माझी परत बसवली. गाडी चालू केली, घड्याळासारखी चालली. शेडच्या गल्लीत फिरवून आणली.

त्याला काही सांगितलं नाही. त्यानं मला सांगितलं होतं का?

१६ मे

आज त्याला नोकरीबद्दल विचारलं. तो चाकाचे नट आवळत होता. उठला नाही.

"वहिनींनी सांगितलं?"

"कोणी का सांगेना. तू का नाही सांगितलंस?"

"डिलिव्हरी झाली की सांगणार होतो. आणखी दोन गाड्यांचं बोलणं झालंय, सूर्या. त्या तू एकट्यानं करशील असं मला दिसू दे, मग मी सुखानं जाईन."

"म्हणजे मी तुझ्या परीक्षेला बसलोय?"

"तसं नाही."

"मग कसं? मला काय बुजगावणं म्हणून उभं केलंयस इथे? आणि तू काय, मोठा उपकारकर्ता?"

त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले.  मग म्हणाला, "उद्या लवकर निघू. ऊन चढायच्या आत पोचू."

मी आणखीही बोललो. इथे लिहीत नाही.

२८ मे

सतरा तारखेला निघायला उशीर झाला. खरबंदाच्या माणसानं फुलांच्या माळा पाठवल्या होत्या, त्या बांधण्यात ऊन चढलं. विश्वास चालवत होता. मी शेजारी. आम्ही बोलत नव्हतो.

पालीच्या पुढे रस्ता टेकड्यांतून जातो. एका वळणाच्या लगेच पुढे, चढ संपता संपता, गाडी बंद पडली. तसाच झटका, मग काही नाही.

विश्वासनं हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू डिस्ट्रिब्यूटर उघडला होतास का?"

मी नाही म्हणालो.

का म्हणालो माहीत नाही. तोंडातून गेलं.

"मग खरंच पेट्रोल असेल," तो म्हणाला. "वळणावर उभं राहणं बरं नाही. पुढे रस्ता रुंद आहे, सावलीही आहे. तू स्टिअरिंगवर बस, मी ढकलतो. निवली की बघू."

मी म्हणालो, मी ढकलतो. तो म्हणाला, "तुझ्यानं व्हायचं नाही, बस." मी बसलो. हँडब्रेक सोडला. गाडी इंच इंच पुढे जात होती. मागे त्याचा श्वास ऐकू येत होता. आरसा माळांनी झाकला होता.

डंपर वळणावरून आला. ब्रेकचा आवाज झाला, मग धक्का. गाडी पुढे जाऊन दगडावर चढली. मी उतरलो तेव्हा विश्वास मागच्या मडगार्डपाशी बसल्यासारखा होता. "पाय," म्हणाला, जसं एखादा सुटा भाग दाखवावा तसं. डंपरचा ड्रायव्हर खाली उतरून रडत होता. त्यानं आणि मी विश्वासला उचलून डंपरमध्ये घेतला आणि फरीदाबादला आणला.

डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

२ जून

हॉस्पिटलमध्ये पोलीस जबाब घ्यायला आला होता. विश्वासचा आवाज बसलाय, पण त्यानं सरळ सांगितलं: "पेट्रोल लाइन गरम हो गई थी. मेरा काम था. गाड़ी बंद हुई, मैं धक्का दे रहा था. किसी की ग़लती नहीं." डंपरच्या ड्रायव्हरलाही त्यानं वाचवलं.

मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. पोलिसानं मला विचारलं, "आपको कुछ कहना है?" मी नकारार्थी मान हलवली.

साधनावहिनी जवळजवळ बोलतच नाहीत. कुमुद रोज ऑफिसमधून थेट तिकडे जाते.

९ जून

गाडी शेडमध्ये ओढून आणली आहे. मागचा भाग चेपलाय, पुढचा जसाच्या तसा. खरबंदाचं उद्घाटन एका नव्या पांढऱ्या गाडीतून झालं. तो स्वतः आला नाही, हॉस्पिटलमध्ये फळांची टोपली पाठवली. फोनवर म्हणाला, गाडी तशीच पाठवा. मागची बाजू भिंतीला लावून उभी करू, पुढे कुंड्या ठेवू. "सामने से तो ठीक है ना? इंजन का क्या करना है."

मी डिस्ट्रिब्यूटर उघडला. माझी तार जागेवर होती, दिसायला अगदी ठीक. मीटर लावला, काटा शेवटपर्यंत गेला. मग चिमट्यानं थोडी वाकवली. काटा शून्यावर आला. सोडली, परत गेला. वाकवली, शून्य.

आवरण कापून पाहिलं. आतली तार तुटलेली होती.

इंजिनाचा वेग वाढला-कमी झाला की डिस्ट्रिब्यूटरमधली पट्टी थोडी फिरते. तिला जोडलेली तार प्रत्येक वेळी वाकते. म्हणून ती मऊ, बारीक तारांचीच लागते. एकपदरी ताठ तार आतल्या आत मोडते आणि वरचं आवरण तसंच राहतं. थंड असताना तुटलेली टोकं टेकलेली असतात. तापली की सुटतात. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगतात. मी वीस वर्षं पंपांच्या मोटारी जोडल्या.

विश्वासनं ती आधीच शोधली होती. बदलली, आणि दोरी लागू पडली म्हणाला.

१० जून

उठलो नाही.

१३ जून

कुमुदनं आज सुट्टी टाकली. मी उठत नाही म्हणून असेल. चहा घेऊन पलंगावर बसली. मी तिला तारेचं सांगितलं. शेडमधून आणलेला तुकडा दाखवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भावजींनी मला त्याच दिवशी फोन केला होता. फार खूश होते, सापडलं म्हणून."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हीच सांगा, काय झालं असतं?"

 हिवाळ्यात तीन नंबरच्या लाइनचं नाव काढलं तरी मी भिंतीकडे तोंड करायचो.

"आणि ती ग्रेटर नोएडाची जागा?"

"गेली. त्यांनी फार थांबवून ठेवलं त्या लोकांना. आता तर..." तिनं कप उचलला. "जानेवारीत या म्हणत होते."

जानेवारीत. तेव्हा शेडही नव्हती, गाडीही नव्हती. तेव्हा तो रजईवर नकाशे पसरत होता. त्याला शौकच तसला, जुन्या गाडीच्या मोहानं थांबला असेल. मी कुमुदला विचारलं नाही.

१९ जून

विश्वास घरी आला आहे. आज गेलो. सेक्टर सातमधलं त्यांचं घर, वरचा मजला. तो खिडकीशी खाटेवर बसला होता, कमरेपासून खाली चादर.

मी म्हणालो, "पेट्रोल नव्हतं."

"असू दे, सूर्या."

"तार होती. तू बदललेली काढून मी माझी परत बसवली होती. चौदा तारखेला."

तो खिडकीबाहेर बघत होता. खाली कोणीतरी गॅसचे सिलिंडर उतरवत होतं. मला वाटलं, आताही तो काहीतरी म्हणेल, दोरी सुटली असेल, ऊनच फार होतं. मला तशी सवय झाली होती.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"गाडी बंद पडल्यावर मी तुला सरळ विचारलं होतं. तू हो म्हणाला असतास तर मी जागच्या जागी दुसरी तार बांधली असती. आपण पुढे गेलो असतो. मी ढकलायला उतरलोच नसतो."

"हो."

"तार काय, कोणाचीही तुटते." त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "मी तुला सांभाळून घेतलं. घरी सांभाळून घेतलं, त्या खरबंदासमोर घेतलं, पोलिसासमोर घेतलं. तू एक हो म्हणायचं होतंस, सूर्या. एक. जा तू आता."

मी उठलो. चपलेचा बंद लागेना.

जिन्यात मधल्या पायरीवर बसलो. पुढे जावेना. बऱ्याच वेळानं साधनावहिनी खाली आल्या. मला वाटलं, त्याही बोलतील. बोलायला हव्या होत्या.

"सकाळी त्यांना बाथरूमपर्यंत न्यायला मला एकटीला जमत नाही," त्या म्हणाल्या. "काल दोघं पडलो. शेजारच्यांना रोज रोज किती सांगायचं? तुम्हाला तसं काम नाही."

"तो मला जा म्हणाला, वहिनी."

"म्हणू दे. मीही म्हणेन कधीतरी, माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. पण सकाळी माणूस हवा. याल का तेवढं सांगा."

हो म्हणालो.

२० जून

पहिल्या बसनं गेलो. कुमुद माझ्याआधी उठली होती, डबा तयार होता. 

विश्वासनं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. वहिनींनी चादर काढली. मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. त्यानं हात माझ्या खांद्यावर टाकला. टाकावाच लागतो, नाहीतर तोल जातो. माझ्या अंदाजापेक्षा तो जड निघाला.

दोन पावलांवर तो दमला. त्याची दाढी माझ्या कानाला घासत होती. मी विचारलं, "थांबू या?"  तो थांबला, म्हणून मीही थांबलो. त्याचा श्वास जागेवर आल्यावर त्यानं माझा खांदा जरा दाबला, निघायचं म्हणून, आणि आम्ही पुढे गेलो.